गळ्यातला कंबरपट्टा

पुस्तकावर टीका लिहायची तर फार तर चारपाचशे रुपयांना खड्डा पडतो. नाटकावर लिहायची तर संपादक पास मिळवून देतात. हॉटेलवर टीका लिहायची म्हटली की मात्र तिथे झोपावे लागते, आणि हल्ली परगावच्या झोपेचे भाव काय झाले आहेत हे वाचकांना मी सांगायला नको. तेव्हा दोन रात्रींच्या पावतीची काही तरी वसुली व्हावी म्हणून हा लेख लिहितो आहे असे समजलात तरी चालेल. खरे कारण निराळे आहे. ते ओघात येईलच.

गेल्या दिवाळीच्या सुटीत आमच्या पुतण्याने आम्हा सगळ्यांना वाईच्या परिसरातल्या एका 'बुटीक हॉटेला'त नेले. "काका, तुम्ही सारखा वाडा वाडा करता ना, मग या खेपेला वाड्यातच राहू," तो म्हणाला. सौ.ला बुटीक म्हटल्यावर ब्लाऊज शिवून मिळणारे दुकान तेवढे ठाऊक. तिने दोन खण बरोबर घेतले. चूक तिची नव्हे. हा फ्रेंच शब्द मुळात दुकानाचाच. न्यूयॉर्कमध्ये १९८४ साली स्टीव्ह रुबेल आणि इयान श्रेगर यांनी 'मॉर्गन्स' नावाचे एक हॉटेल काढले. बाकीची हॉटेले म्हणजे सुईपासून सोफ्यापर्यंत सगळे विकणारी अवाढव्य भांडारे, आमचे मात्र निवडक मालाचे छोटे दुकान, अशा अर्थाचे काही तरी रुबेल बोलले आणि हे नाव चिकटले, असे सांगतात. सजावट आंद्रे प्युत्माँ या फ्रेंच बाईंची. पैशाची ओढाताण होती म्हणून त्यांनी न्हाणीघरांना काळ्यापांढऱ्या चौकडीच्या स्वस्त फरश्या लावल्या, आणि पुढे त्या फरश्यांचेच कौतुक झाले. ते हॉटेल २०१७ साली बंद झाले. नाव मात्र जगभर पसरले, आणि पसरता पसरता त्याला एक अट येऊन चिकटली: अशा हॉटेलात गेले की त्या गावची संस्कृती दिसली पाहिजे.

माझी टीका या अटीवर नाही. ती ज्या तऱ्हेने पाळली जाते तिच्यावर आहे.

आमची गाडी थांबली ती एका काचेच्या दारापुढे. शेजारी दगडी कमानीत भला थोरला दिंडी दरवाजा होता, खिळे ठोकलेला, तेलपाणी केलेला; पण तो उघडत नव्हता. त्याच्या मागे भिंत होती. त्याच्यापुढे उभे राहून छायाचित्र काढायचे आणि काचेच्या दाराने आत जायचे, असा रिवाज. आता दिंडी म्हणजे काय? मोठ्या दरवाजातले लहान दार. त्यातून आत शिरताना माणसाला वाकावे लागते. पेशव्यांच्या काळी त्याला संरक्षणाचे कारण असेल, पण आमच्या लहानपणी आम्ही वाकायचो ते सवयीने, आणि वाकून सरळ उभे राहिले की आपण रस्त्यावर नाही, घरात आहोत, हे अंगाला कळायचे. देवडीतला काळोख, मग चौकातला उजेड, मग ओसरीवरची सावली, असे तीन टप्पे ओलांडल्यावर माजघर. बाहेरचा माणूस किती आत आला यावरून तो घरचा किती, हे ठरे. दूधवाला देवडीपर्यंत, वडिलांचे कचेरीतले स्नेही ओसरीपर्यंत, मामा थेट माजघरात. वाड्याचे व्याकरण म्हणतात ते हेच, आणि ते जागेने बोलले जाई, वस्तूंनी नव्हे. (त्या व्याकरणाने कित्येकांना देवडीच्या बाहेरच ठेवले होते, हेही इथेच सांगितले पाहिजे, वाड्याचे गोडवे गाताना आम्ही ते सोयीस्कर विसरतो.)

या हॉटेलात चौक होता. चारी बाजूंनी लाकडी खांब, मध्ये तुळशीवृंदावन. वर मात्र काच टाकून सगळा चौक बंद केलेला आणि आत थंड हवेचे यंत्र. चौक हा वाड्याचा श्वास. तापलेली हवा तिथून वर निघून जाते आणि सावलीतल्या खोल्यांतली गार हवा तिच्या जागी येते. पाऊस तिथे पडतो, चंद्र तिथे दिसतो, वाळवणे तिथे पडतात आणि भांडणेही तिथेच होतात. त्यावर काच घातली की दुपारी तो तापणार, तापला की यंत्र लावावे लागणार, आणि यंत्र लावले की तुळस जगणार नाही. म्हणून तुळस प्लॅस्टिकची होती. सौ.ने संध्याकाळी नकळत तिला हात जोडले. मग बोटांना पान लागले तेव्हा तिने हात पदराला पुसला आणि काही बोलली नाही.

ओसरीवर लोडतक्के मांडून बैठक घातलेली होती. आमच्या पुतण्याची मुलगी, वय वर्षे सहा, धावत जाऊन तिच्यावर बसली. लगेच एक नऊवारीतली मुलगी आली आणि हसून म्हणाली, "बाळा, ते बसायचं नाही, बघायचं आहे." त्या मुलीच्या नऊवारीला मागे चेन होती. तिला मी दोष देत नाही; आठ तास उभे राहून सामान उचलायचे तर तीच सोयीची.

आता भिंतींकडे वळतो, कारण सजावटकाराने आपला सगळा जीव तिथे ओतला होता. जिन्यात वारली चित्रे. भोजनगृहात चौकटीत बसवलेल्या पैठण्या. स्वच्छतागृहाबाहेर 'पुरुष' आणि 'स्त्रिया' हे कळावे म्हणून फेटा आणि नथ. आमच्या खोलीत पलंगाच्या वर काचेआड एक कोल्हापुरी चपलांचा जोड. उशाशी चपला घेऊन मी आयुष्यात प्रथमच झोपलो.

काश्मीरचा क्षेमेंद्र अकराव्या शतकात होऊन गेला. औचित्याचा विचार सांगताना त्याने एक मजेदार दाखला दिला आहे. कोणी कंबरपट्टा गळ्यात बांधला, हार कमरेला गुंडाळला, पायातले नूपुर हातात चढवले, तर दागिने कितीही अस्सल असोत, लोक हसणारच. काव्याला लावलेली ही कसोटी हॉटेलच्या सजावटीला इतकी चपखल बसेल असे त्या बिचाऱ्याला वाटलेही नसेल. कारण इथले दागिने अस्सल होते, हे मी मुद्दाम नोंदवतो. पैठणी खरी होती. चपला खऱ्या कातड्याच्या होत्या. बेगडी असते तर टीका सोपी झाली असती.

वारलीचेच घ्या. डहाणू-तलासरीकडच्या वारल्यांच्या घरी लग्न निघाले की सुवासिनी आतल्या गेरूने सारवलेल्या कुडाच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात. त्या चौकात पालघाट देवी. चौक लिहिल्याशिवाय लग्न लागत नाही. लग्न झाले की चित्राचे काम झाले. पुढे भिंत पुन्हा सारवली की ते गेले. जिव्या सोमा मशे यांनी सत्तरीच्या दशकात हे चित्र भिंतीवरून कागदावर आणले, बायकांच्या हातची कला एका पुरुषाने रोजचा ध्यास म्हणून चालवली, आणि त्यातून जाळी, मासे, मुंग्या, वारूळ असे त्यांचे स्वतःचे जग उभे राहिले. त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. २०१८ साली ते गेले. कागदावर येणे हा त्या कलेचा नवा जन्म होता आणि त्याबद्दल माझी मुळीच तक्रार नाही. तक्रार जिन्यातल्या चित्रांबद्दल आहे. ती छापील कागदाची होती, एकच नाचाचे वर्तुळ दर चार पायऱ्यांनी पुन्हा येत होते. आणि मुख्य म्हणजे वाईला वारली का? 'महाराष्ट्र म्हणजे वारली' असा एक शिक्का तयार झाला आहे आणि तो विमानतळापासून चहाच्या कपापर्यंत सगळीकडे उठवला जातो. वाईचे काय होते? कृष्णेचे घाट होते, हळदीचा व्यापार होता, शेजारी मेणवलीला नाना फडणिसांच्या वाड्यात भिंतीवरची चित्रे आहेत. आणि हे सगळे बाजूला ठेवले तरी, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या देखरेखीखाली मराठी विश्वकोशाचे काम चालले ते याच गावात! ज्या गावाने मराठीला अ पासून ज्ञ पर्यंतचे ज्ञान एका जागी आणून दिले, त्याच्या वेशीवरच्या हॉटेलात मी पुस्तकांच्या कपाटापाशी मोठ्या आशेने गेलो. पुस्तके रंगाप्रमाणे लावली होती, निळ्यापासून पिवळ्यापर्यंत. एक काढायला गेलो तर पाच हलली. ती मागून चिकटवलेली होती.

याच मालेत चित्रकथीची दोन चित्रे होती. कुडाळजवळच्या पिंगुळीचे ठाकर लोक ही चित्रे एकापाठोपाठ एक समोर धरून, वीणा-टाळाच्या साथीने रामायण-महाभारतातल्या कथा सांगत आले. या कलेसाठी परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. चित्रकथीत चित्र हे वाक्य असते. पुढचे वाक्य पुढच्या चित्रात. इथे पोथीच्या मधलीच दोन पाने काढून टांगली होती. एका चित्रात कोणी तरी धनुष्य उचलले होते. कोणावर, का, पुढे काय झाले, काही पत्ता नाही. छोटीने विचारले, "आजोबा, हा कोणाला मारतोय?" आजोबांना माहीत नव्हते. त्या बंद चौकात रात्री एखादा चित्रकथी बसवला असता, तर तीस माणसे जेवण विसरून बसली असती आणि भिंती कोऱ्या राहिल्या असत्या तरी कोणाला उणे वाटले नसते. पण कथेकऱ्याला दर महिन्याला बिदागी द्यावी लागते. चित्राला एकदाच खिळा मारला की झाले.

इथे एखादा वाचक म्हणेल, टीकाकाराचे काय जाते, करून दाखवा. मी करणारा नव्हे. पण करून दाखवलेले एक उदाहरण सांगू शकतो, आणि त्यासाठी समुद्र ओलांडून श्रीलंकेत जावे लागेल. तिथे जेफ्री बावा नावाचे वास्तुशिल्पी होऊन गेले (जन्म १९१९, मृत्यू २००३). आधी वकील, मग घरे बांधू लागलेला माणूस. दंबुल्लाजवळ हॉटेल बांधायचे ठरले तेव्हा त्यांना प्रसिद्ध सिगिरिया खडकाच्या पायथ्याची जागा देऊ केली होती. ती त्यांनी नाकारली आणि काही मैलांवरचा, कंदलामाच्या तळ्याकाठचा एक कडा निवडला. १९९४ साली ते हॉटेल उघडले. आम्ही एका सहलीत तिथे गेलो होतो. गुहेसारख्या काळोख्या वाटेने आत शिरायचे, एका बाजूला कड्याचा खरा खडक तसाच ठेवलेला, आणि मग एकाएकी समोर तळे आणि तळ्यापलीकडे दूरवर सिगिरिया. सिगिरियाच्या भिंतीवरच्या सुंदऱ्यांची नक्कल तिकडच्या प्रत्येक दुकानात मिळते. बावांनी खडकच दाखवला, आणि तोही दुरून. इमारतीवर वेली चढू दिल्या आहेत, खालून पावसाचे पाणी वाहायला वाट ठेवली आहे. सजावट म्हणावी तर जिन्यापाशी लकी सेनानायके यांनी केलेले धातूचे एक प्रचंड घुबड पंख पसरून बसले आहे. घुबड काही सिंहली संस्कृतीचे बोधचिन्ह नव्हे. ते तिथल्या जंगलाचे आहे आणि त्या एकाच जिन्यासाठी केलेले आहे.

याच बावांनी साठीच्या दशकाच्या अखेरीस बेंटोटाला जे हॉटेल बांधले त्याच्या प्रवेशदालनाचे छत एना डी सिल्वा यांच्या बातिक कापडांचे केले होते. बातिक म्हणजे जावाकडची कला. ती लंकेत रुजवणाऱ्यांपैकी या बाई एक. म्हणजे 'स्थानिक' म्हणून जे मिरवले ते परवा परवा शिकलेले होते, फक्त तिथल्या हातांनी, त्या छतासाठी केलेले. आपण मात्र जुने म्हणजे आपले, असे धरून बसतो. वाड्यांतल्या हंड्याझुंबरांची काच तरी कुठे आपल्याकडची होती?

आणि फार लांब जायला नको असेल तर सावंतवाडीला जावे. तिथल्या राजवाड्याच्या दरबार दालनात आजही कारागीर बसून गंजिफा रंगवतात. दशावतारी गंजिफांचा पूर्ण जोड १२० पानांचा, दहा अवतारांची प्रत्येकी बारा पाने, सगळी गोल. ही कला बुडत चालली होती. शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवी यांनी म्हाताऱ्या चितारी कारागिराकडून ती स्वतः शिकून घेतली आणि वाड्यातच तिची बैठक घातली. आता त्याच वाड्याच्या आवारात पाहुण्यांनाही उतरता येते. त्या भिंतीवर गंजिफा दिसली तर मला ती खटकणार नाही, कारण ती रंगवणारा माणूस त्याच छपराखाली आहे, आणि त्याचा रंग वाळला नसेल तर तो तुम्हाला हात लावू देणार नाही.

आता राहिलेले खरे कारण.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही जेवायला बसलो. टेबल म्हणजे एक जुने दार होते, आडवे टाकून वर जाड काच ठेवलेली. शेजारी एक तांब्याची पट्टी: 'अठराव्या शतकातील मराठा सरदाराच्या महालाचे द्वार'. मिसळ आली. मी पाव मोडला आणि काचेखाली पाहिले. उजव्या फळीवर बशीएवढा काळा डाग होता. डाव्या फळीच्या कोपऱ्यात चहाच्या डब्याचा पत्रा ठोकलेला होता, चार चुका, त्यातली एक वाकडी.

ती वाकडी चूक माझ्या वडिलांनी माझ्यासमोर मारली होती. आमच्या देवघराच्या दाराला उंदराने भोक पाडले म्हणून. डाग निरांजनाचा, आजी आरतीनंतर ते दाराशी टेकवून ठेवायची आणि आई रोज सांगायची की ठेवू नका. आमचे पूर्वज सरदार नव्हते. कारकून होते. पुण्यातला तो वाडा पणजोबांनी बांधला आणि पणजोबा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचे.

मी पुतण्याला सांगितले. तो बराच वेळ त्या पत्र्याकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "काका, आपण हे कितीला विकलं होतं?"

आम्ही विकलेच नव्हते. १९९६ साली आम्ही चौघा भावांनी सह्या केल्या, वाडा पाडायला दिला, आणि लाकूड कोणी नेले याची चौकशीही केली नाही. त्या जागी उभ्या राहिलेल्या पाच मजली इमारतीच्या नावात 'वाडा' हा शब्द आहे. वाटाघाटींत मी एकच हट्ट धरला होता: मला पूर्वेकडची बाल्कनी हवी. ती मिळाली. देवघराचे दार मला आठवलेसुद्धा नाही. आठवले ते कोणा तिऱ्हाईत सजावटकाराला. त्याने ते लाकडाच्या वखारीतून उचलले, धुतले, पुसले, आणि त्यातला पत्रा काढून टाकला नाही. त्याला वाटले असेल, ही काही तरी जुनी कारागिरी आहे.

तेव्हा या लेखात ज्याला मी इतकी नावे ठेवली त्या माणसाचे माझ्यावर उपकार आहेत. हे लिहायला जड जाते, पण टीका करायची तर तीही लिहिली पाहिजे. आमच्यासारख्यांनी घरे मोडली नसती तर त्याला भिंतीवर टांगायला काही मिळालेच नसते. तरीही माझे मत मी बदलत नाही. दार वाचवले हे चांगले केले. आडवे का केले? त्याच हॉटेलात बारा खोल्या आहेत आणि बाराही खोल्यांना गुळगुळीत प्लायवूडची, कार्ड लावून उघडणारी दारे आहेत. त्यातल्या एकीला ते उभे लावले असते, कडीसकट, उंबऱ्यासकट, तर रोज कोणी तरी ते लोटले असते, रात्री ते कुरकुरले असते, पाहुण्याने तक्रारही केली असती. दाराचे आयुष्य ते. छोटीने सरळच विचारले, "आजोबा, आपलं दार झोपलंय का?" सौ. म्हणाली, "जेव आता." तिने स्वतः मात्र ताट मांडीवर घेतले.

निघायच्या दिवशी पहाटे मला जाग आली. थंडी होती. चौक काचेत बंद, बागेत शोभेच्या खुर्च्यांवर दव. फिरत फिरत मी इमारतीच्या मागे गेलो. तिथे मुदपाकखान्याचे मागचे दार होते आणि दाराला लागून एक दगडी ओटा, बहुधा जुन्या जोत्याचा उरलेला तुकडा. त्याला कोणी सजवले नव्हते. वर कौलाची एक पडवी, समोर शेवग्याचे झाड, त्यापलीकडे उसाचे शिवार आणि त्यावर धुके. गावातल्या दोघी जणी तिथे बसून लसूण सोलत होत्या. मी घुटमळलो. थोरलीने मला पाहिले, शेजारचे पोते झटकले, घडी करून दगडावर टाकले आणि म्हणाली, "बसा की बाबा. दगूड गार हाय." धाकटी आत गेली आणि न विचारता चहा घेऊन आली, आल्याचा, काचेच्या पेल्यात. कुठले, किती मुले, सून बरी आहे का, इतके सगळे त्यांनी पाच मिनिटांत काढून घेतले. पाठीला भिंत होती, डोक्यावर सावली, पायाशी उतरणारी एक पायरी. त्या हॉटेलात दोन दिवसांत मी पहिल्यांदाच बसलो.

तेवढ्यात व्यवस्थापक तिकडून आले. तरुण, सभ्य मुलगा. मला पाहून दचकलेच.

"सर, काही अडचण आहे का? गेस्टसाठी चहाची व्यवस्था लॉनवर केली आहे. हा एरिया स्टाफचा आहे."

मी हो हो म्हणत उठायला लागलो, तर थोरली लसणावरची नजर न काढता त्यांना म्हणाली, "ऱ्हाऊ द्या सायेब. च्या हाय त्यांच्या हातात."